एकवचनी नायक

इस्पितळाच्या तळमजल्यावर औषधांची खिडकी होती आणि तिच्यामागे उभं राहून त्याचं निम्मं आयुष्य गेलं होतं. ‘जेवल्यावर घ्यायची, चावायची नाही, पाण्याबरोबर’ हे त्यानं इतक्या वेळा म्हटलं होतं की शब्द झिजून गेले होते आणि नुसता आवाज उरला होता. आवाज मात्र ऐकत राहावा असा. चिडलेले, रांगेत भांडून आलेले लोक खिडकीशी पोचले की त्या आवाजानं सैल पडायचे. औषध संपलंय, उद्या या, असं सांगितलं तरी आभार मानून परत जायचे. सगळे त्याला औषधवाले काका म्हणत. बायकोचं म्हणणं एवढंच होतं, की तुम्ही आवाज खिडकीत ठेवता आणि घरी नुसतेच येता.

या आवाजापायीच दर शनिवारी दुपारी अंधांच्या ग्रंथालयात त्याला बोलावणं असे. तिथं बोलकी पुस्तकं तयार व्हायची. एका जुन्या इमारतीतल्या तीन खोल्या: पहिलीत कपाटं, दुसरीत चहा, तिसरीत स्टुडिओ. आवाज घुमू नये म्हणून स्टुडिओच्या भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या होत्या. आत शिरलं की कुणा आजाऱ्याच्या अंथरुणात शिरल्यासारखं वाटे. मधोमध काचेचं मोठं तावदान होतं. अलीकडे वाचणारा, पलीकडे कानांना हेडफोन लावून ध्वनिमुद्रण सांभाळणाऱ्या छोट्या बाई. संस्था ज्यांनी काढली त्या मोठ्या बाई, म्हणून या छोट्या. छोट्या बाई जन्मापासून अंध होत्या. मधली काच नेमकी कुणासाठी बसवलीय, हे तिथं कुणी विचारत नसे.

वाचणाऱ्यांसाठी त्यांचा नियम साधा होता. जे छापलंय ते वाचायचं, वाक्य चुकलं तर पहिल्यापासून घ्यायचं आणि अभिनय करायचा नाही. ‘दुःखाच्या जागी तुम्ही घसा दाटवू नका,’ असं त्या नव्या माणसाला बजावत, ‘तो आमचा आम्ही दाटवून घेऊ.’

आजवर त्यानं तिथं थोरामोठ्यांची चरित्रंच वाचली होती. संकटांवर मात केलेले, दिव्याखाली अभ्यास केलेले, एका पायानं डोंगर चढलेले लोक. या वेळी मात्र एक कादंबरी हाती आली, तेव्हा त्यानं आधी चार पानं चाळली आणि पुस्तक चुकून आलं असावं म्हणून छोट्या बाईंकडे गेला. चुकून आलं नव्हतं. सभासदांनी मागून घेतलं होतं.

“काका, गेली कित्येक वर्षं लोक आम्हाला उभारी देणारी पुस्तकंच वाचून देतायत,” त्या म्हणाल्या. “उभारीनं कपाटं भरली आमची. आता म्हटलं, एखादा हलकट माणूस द्या.”

हलकट म्हणावा असाच तो नायक होता. कादंबरीत त्याला नाव नव्हतं, पहिल्या पानापासून नुसता ‘तो’. त्याच्या घरातली माणसं दिवसेंदिवस बुटकी होत जातात. का, ते लेखकानं कुठंच सांगितलेलं नाही. एवढंच, की नायक बोलत असताना जो गप्प बसतो तो दुसऱ्या दिवशी बोटभर खाली गेलेला असतो. नायक कुणावर हात उगारत नाही, आवाजही चढवत नाही. तो फक्त घसा खाकरतो. बायकोचा हात कडीला पुरेनासा होतो तेव्हा तो सुतार बोलावून घरभरच्या कड्या खाली घेतो, आणि आपण घरच्यांसाठी किती करतो ते येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतो. पुढे बायको इतकी लहान होते, की बाहेर जाताना तो तिला सदऱ्याच्या खिशात घालून नेतो. लोक म्हणतात, बायकोला किती जपतो, एक पाऊल एकटा टाकत नाही.

पहिलं प्रकरण वाचायला घेतलं आणि तिथंच गाडं अडलं. ‘तो टेबलापाशी आला आणि त्याने खुर्ची ओढली’ हे वाक्य ठीक गेलं. पुढच्या वाक्यात नायक घसा खाकरतो. औषधवाल्याच्या तोंडून निघालं, ‘त्यांनी घसा खाकरला आणि ते म्हणाले.’

काचेवर टकटक झाली.

“काका, हे दुसरे कोण आले?”

“कुठे?”

“आत्ता. खुर्ची ओढली त्यानं. मग घसा कुणी खाकरला? मला वाटलं, घरात कुणी वडीलधारं माणूस आलं.”

त्यानं पानावर बोट ठेवून पाहिलं. ‘त्याने’ होतं, ‘तो’ होतं. त्यानं वाक्य परत घेतलं, आणि घसा खाकरण्याशी येऊन पुन्हा ‘त्यांनी’ म्हटलं. त्या दिवशी हे इतक्या वेळा झालं, की शेवटी छोट्या बाई काचेवर वाजवायच्याही थांबल्या. नुसतं ‘एकवचन, काका’ एवढंच म्हणायच्या. चमत्कारिक गोष्ट अशी, की नायक जेवतो, झोपतो, बूट घालतो, तिथं सगळं एकवचनात सुरळीत चाले. तो कुणाला शब्दानं खाली बसवायला लागला, की लगेच त्याला बढती मिळे.

सवय हो, असं औषधवाला म्हणाला. कसली, असं त्यांनी विचारलं. वयाचा मान, तो म्हणाला.

“पुस्तकात त्याचं वय कुठं दिलंय?”

दिलेलं नव्हतं. त्यानं मागची पानं उलटून पाहिली, खरंच नव्हतं.

औषधवाल्याच्या घरी तो, त्याची बायको आणि त्याचे आईवडील. मुलगी शिकायला दूर गेलेली आणि दूर राहण्यात रमलेली. वडील वजनमापं तपासणारे निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. दुसऱ्यांचे तराजू खरे की खोटे हे ठरवण्यात हयात गेल्यामुळे घरात कुठला तराजू लागतच नसे. त्यांना जे वाटेल तेच वजन. तेही आवाज चढवत नसत. मुलगा पन्नाशी ओलांडलेला, केस पिकलेला, पण वडील दिवाणखान्यात असले की हा अजून स्वयंपाकघराच्या दारानं घरात येई. आईला तो ‘तू’ म्हणे, वडिलांना ‘तुम्ही’. त्यांच्याविषयी बोलताना, विचार करतानाही, ‘ते’. यात जगावेगळं काही नाही. घरोघरी असंच असतं, आणि कुणी मेलेलं नाही त्यानं.

वडिलांचा एक शब्द होता: बघू. मुलाला दुसऱ्या गावी चांगली नोकरी मिळत होती तेव्हा ते बघू म्हणाले होते. सुनेनं गच्चीत झाडं लावायचं काढलं तेव्हाही बघू. नाही म्हणायचा वाईटपणा त्यांनी जन्मात घेतला नाही. माणूस वाट पाहून पाहून आपणच नाद सोडून देई, आणि मग ते म्हणत, मी कुठं नाही म्हटलं होतं?

दोन वर्षांपूर्वी आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. शस्त्रक्रिया मुलाच्याच इस्पितळात, त्याच्या खिडकीपासून दोन जिने वर होणार होती. पैशांचाही प्रश्न नव्हता. कर्मचाऱ्यांच्या आईवडिलांना ती मोफत होती. वडील म्हणाले, बघू. तेव्हापासून घरात आई सोडून सगळे बघत होते.

आता तिला दिवस आणि रात्र कळत होती, माणसांच्या जागी धूसर ठिपके हलत होते. वडिलांनी तिचं सगळं अंगावर घेतलं. हात धरून नेणं, ताटात काय कुठं आहे ते सांगणं, सकाळी पेपर वाचून दाखवणं. पाहुणे डोळे पुसत. या वयात इतकं कोण करतं, असं म्हणत. वडील म्हणत, “तिला काय कमी आहे? मी आहे ना.” आणि घसा खाकरत.

इस्पितळातल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई हजरजबाबी होत्या. खिडकीशी आल्या की विचारत, आईला कधी आणताय? तो म्हणे, वडिलांना विचारतो. एका सोमवारी त्या खिडकीवर कोपरं टेकूनच उभ्या राहिल्या. मोतीबिंदू फार पिकला की डोळ्यातला दाब वाढतो, त्यांनी सांगितलं, आणि दाबानं गेलेली नजर कुणालाच परत आणता येत नाही.

“मग माझ्याकडे आणूच नका,” त्या म्हणाल्या. “तुमच्या त्या ग्रंथालयाचं सभासद करून टाका त्यांना.”

मागच्या रांगेतली बाई हसली. तिला वाटलं, थट्टा चाललीय.

शनिवारी एकवचनाचा घोळ होऊ नये म्हणून तो रविवारी सकाळी घरीच सराव करू लागला. बाल्कनीलगतच्या खोलीत आई पलंगावर बसलेली असे. तिच्या शेजारी खुर्ची घेऊन तो मोठ्यानं वाची. दार उघडं, पलीकडे वडील. कड्या खाली घेतल्याचं प्रकरण वाचून झालं तेव्हा आई म्हणाली, बिचारे किती करतात सगळ्यांसाठी. कोण, असं यानं विचारलं. “हेच, तुझ्या पुस्तकातले.” तिनंही नायकाला अहोजाहो लावलं होतं, आणि तेही न वाचता. पलीकडून वडिलांचा अभिप्राय आला, की माणूस व्यवहारी दिसतो. कड्या खाली घेतल्या हे योग्यच केलं. लोकांना सोय केलेली कळत नाही, हा त्यांचा दोष. पुस्तक बरं आहे म्हणाले. त्यांनी एखाद्या पुस्तकाला बरं म्हटल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

खाली मान घालून हा पुढचं पान उलटत होता, तेवढ्यात बायको चहा घेऊन आली. आईच्या हातात कप नीट धरवला, उशी सारखी केली आणि दाराशी जरा थांबली. वडीलही मागोमाग आत आले होते. आईनं हळू आवाजात त्यांना विचारलं, सूनबाई गेली का, आज बोलली नाही काही.

“इथंच आहे,” वडील तिच्या कानाशी म्हणाले. “कपाळाला ह्या एवढ्या आठ्या. तू काही बोलू नकोस.”

आईनं चहाचा कप मुकाट्यानं तोंडाला लावला. दाराशी उभ्या बायकोनं नवऱ्याकडे पाहिलं. कपाळावर आठी नव्हती. असलीच तर ती आत्ता, ऐकल्यावर, उमटत होती.

स्वयंपाकघरात ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली आणि कपाळावरचे केस मागे सारले.

“जरा बघा. आठ्या आहेत का?”

“अगं, त्यांना तसं वाटलं असेल.”

“रोज वाटतं त्यांना. काल मी हसत होते, तर आईंना सांगितलं, तोंड फुगवून बसलीय. मुलीचा फोन आला, त्या हात पुढं करून बसल्या होत्या, तर म्हणाले, तिला घाई आहे, तुझी चौकशी केली तिनं. घाई कसली? ती आजीला द्या म्हणत होती.” तिनं गॅस बंद केला. “त्यांना जे दिसतं तेच आईंना दिसतं. आणि त्यांना काय दिसतं ते तुम्ही ऐकलंत ना?”

त्यानं ऐकलं होतं. म्हणूनच तो काही बोलला नाही. बायको म्हणाली, “वाचा तुम्ही. उंची सांभाळून.”

पुढच्या शनिवारी खिशातल्या बायकोचं प्रकरण होतं. नायक मित्रांच्या बैठकीत बसलेला असतो. खिशातून बायको काहीतरी म्हणते. मित्र विचारतात, काय म्हणतायत वहिनी? नायक खिशाशी कान नेतो आणि सांगतो, तिला कंटाळा आलाय, ती घरी जाऊ म्हणते. खिशातली बायको खरं तर काय म्हणत होती ते लेखक वाचकालाही सांगत नाही. औषधवाल्यानं हे तीनदा घेतलं. तिन्ही वेळा ‘ते’.

छोट्या बाईंनी यंत्र बंद केलं. त्या चिडल्या नव्हत्या, पण दमल्या होत्या. हे पुस्तक आपण दुसऱ्या कुणाला देऊ, असं त्यांनी सुचवलं. एक मुलगी आहे, आवाज साधा आहे, पण ती याला सरळ अरेतुरे करते. त्याला वाईट वाटलं. खिडकीतून हाकलावं तसं वाटलं. मग नको ते बोलून गेला: घरी जरा ताण आहे, आईला दिसत नाही.

“केव्हापासून?”

दोन वर्षं, मोतीबिंदू आहे, तो म्हणाला.

छोट्या बाईंनी हेडफोन काढून गळ्यात घेतले. “म्हणजे त्यांना दिसू शकतं?”

“हो.”

“आणि दिसत नाही.”

“वडील बघू म्हणतात,” तो म्हणाला. गाद्या ठोकलेल्या त्या खोलीत आवाज घुमत नसे, त्यामुळे ते वाक्य जसं होतं तसंच काचेपलीकडे ऐकू आलं. त्यालाही.

 छोट्या बाईंनी समजूत घातली नाही, उपदेश केला नाही. चेहरा मात्र असा झाला, की तिथं काच असल्याबद्दल त्याला प्रथमच बरं वाटलं. मग त्यांनी हेडफोन चढवले आणि म्हणाल्या, “चला. वाक्य पहिल्यापासून.”

त्या संध्याकाळी तो पुढच्या दारानं घरात गेला. वडील पेपर वाचून दाखवत होते, आई ऐकत होती. मंगळवारी सकाळी आईला तपासायला नेतोय, असं त्यानं उभ्याउभ्या सांगितलं. वडिलांनी पेपर खाली घेतला, घसा खाकरला आणि म्हणाले, “बघू.”

“तुम्ही नाही, बाबा. बघायचं तिला आहे.”

 बायको स्वयंपाकघरात हातातलं काम थांबवून उभी होती. वडील संतापले असते तर सोपं गेलं असतं. ते शांतपणे म्हणाले, माझं काय अडलंय? मी कुठं नाही म्हटलं? तिलाच विचार.

आई म्हणाली, “ते म्हणतील तसं.”

वडिलांनी पेपर पुन्हा उचलला आणि राहिलेली बातमी पूर्ण केली.

सोमवारी दुपारी वडील बँकेत गेले असताना तो इस्पितळातून मधूनच घरी आला आणि आईच्या पलंगाशी बसला. दाब वाढतो, नजर कायमची जाते, हे सगळं त्यानं तिला खिडकीतल्या आवाजात समजावून सांगितलं. ती ऐकत होती, चादरीची घडी बोटांनी दुमडत होती. शेवटी म्हणाली, तुला कळायचं नाही रे. लग्न होऊन आले तेव्हापासून मी यांचा पेपरच पाहिलाय. पेपर, आणि त्याच्या वर केस. आता रोज सकाळी तास तास बोलतात. पाऊस आला की सांगतात, कुणी आलं की सांगतात. हात धरतात. डोळे आले की पेपरमागे जातील परत.

त्याला वाटलं, इथून उठावं आणि खिडकीत जाऊन उभं राहावं. पण बायकोचं कपाळ त्याच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं.

“आई, ते सांगतात ते सगळं तसंच असतं असं नाही,” तो म्हणाला. “त्या दिवशी हिच्या कपाळावर आठ्या नव्हत्या.”

आईची बोटं चादरीवर थांबली.

“माहितेय मला,” ती म्हणाली. “आठ्या घातलेलं माणूस अशी उशी सारखी करतं का? आणि पोरीचा आवाज मला फोनच्या बाहेरूनही कळतो.” मग जरा वेळानं, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल बोलावं तसं म्हणाली, “तो खोटं बोलतो.”

तो. औषधवाल्यानं खाडकन वर पाहिलं. उभ्या आयुष्यात आईच्या तोंडून वडिलांसाठी हा शब्द त्यानं ऐकला नव्हता. रागात नाही, आजारपणात नाही, वडील समोर नसताना शेजारणीशी बोलतानाही नाही. आईचा चेहरा होता तसाच होता.

“खोटं बोलतो,” ती म्हणाली, “पण बोलतो.”

  खिडकीतला आवाज बाजूला ठेवून तो एवढंच म्हणाला, की आई, आता उशीर झाला तर त्यांच्या बोलण्यावरच राहावं लागेल. कायमचं.

आईनं चादरीची घडी उलगडली, पुन्हा घातली.

“कायमचं म्हणजे फार झालं,” ती म्हणाली. “किती वाजता जायचंय?”

डॉक्टरीणबाईंनी मंगळवारी दोन्ही डोळे तपासले आणि हसण्याखिदळण्याचं काही बोलल्या नाहीत. डाव्या डोळ्यातला दाब वाढला होता. तो डोळा संपला होता. केव्हा संपला, ते सांगता येत नाही म्हणाल्या. उजवा करता येईल, पण याच आठवड्यात. वडील बरोबर आले होते. इस्पितळाच्या जिन्यावर ते आईला पायऱ्या सांगत होते, आणि पायऱ्या मात्र बरोबर सांगत होते. डाव्या डोळ्याचं कळल्यावर ते खुर्चीत बसून राहिले. घसा खाकरला, पण त्यापुढं शब्द आला नाही.

उजव्या डोळ्याची पट्टी निघाल्यावर आईनं आधी डॉक्टरीणबाईंना पाहिलं, मग सुनेला जवळ बोलावून तिचं कपाळ हातानं चाचपावं तसं नजरेनं चाचपलं. म्हणाली, वाळलीस गं. नवऱ्याकडे पाहायला तिनं वेळ घेतला. पाहिलं आणि म्हणाली, केस कापायला झालेत तुमचे.

कादंबरी औषधवाल्यानंच पूर्ण केली. शेवटच्या प्रकरणात घरात कुणीच दिसत नाही इतके सगळे लहान झालेले असतात, आणि कड्या घोट्यापर्यंत उतरलेल्या. नायकाला आपल्याच घराचं दार उघडायला जमिनीवर आडवं पडावं लागतं. तो आडवा पडून सुताराला शिव्या देतो, आणि पुस्तक संपतं. पश्चात्ताप नाही, काही नाही. त्यानं सबंध प्रकरण एका बैठकीत वाचलं. पलीकडून एकदाही टकटक झाली नाही. सभासदांना पुस्तक आवडलं. एकानं कळवलं, की माणूस अगदी ओळखीचा वाटला, असंच आणखी काही असेल तर द्या. आईला त्यानं विचारलं, तुला हवंय का वाचायला, आता दिसतंय तर. ती म्हणाली, डोळे आले म्हणून काय काहीही वाचायचं?

घरात मात्र तिनं सांगितलं होतं तसंच झालं. वडील पेपरमागे गेले. ते रुसले नव्हते, कुणावर त्यांचा रागही दिसत नव्हता. दिसणाऱ्या माणसाला सांगण्यासारखं त्यांच्याजवळ काही नव्हतं, इतकंच. सकाळी आई समोर बसायची. पहिले काही दिवस तिनं विचारून पाहिलं, काय आहे आज पेपरात? तर त्यांनी पेपराची आतली पानं काढून तिच्या पुढ्यात ठेवली. ते चूक होतं असंही म्हणता येत नव्हतं. बायको आणि आई आता स्वयंपाकघरात बोलत बसत, कधी हसण्याचा आवाज येई. मुलीचा फोन आला की आधी आजीकडे जाई. या सगळ्याचं बरं वाटून घ्यावं असं औषधवाल्याला वाटे आणि तो प्रयत्नही करी. पण टेबलाशी बसलेली ती दोघं, मध्ये पेपर, हे पाहिलं की तो खिडकीत जायला लवकर निघे.

एका रविवारी वडील फेरी मारायला खाली गेले होते. आई बाल्कनीत बाजूच्या कठड्याला धरून, रस्त्याकडे तोंड करून उभी होती. तो चहाचा कप घेऊन तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. डोळा दुखत नाही ना, औषधाचे थेंब घातलेस ना, वगैरे विचारलं. तिनं हो म्हटलं. मग उजव्या डोळ्यानं त्याच्याकडे नीट पाहत विचारलं, “दोन वर्षांपूर्वीच नेलं असतंस, तर दोन्ही राहिले असते का रे?”

उत्तर ओठांशी तयार होतं. ते इतकं तयार होतं, की त्याची चव लागली. वडील बघू म्हणत होते. खरंही होतं ते, कुणीही पटकन मान्य केलं असतं.

“हो,” तो म्हणाला. “मी न्यायला हवं होतं.”

आईनं मान डोलावली. नाही रे, असं म्हणाली नाही. तुझा काय दोष, असंही नाही. कप घेतला, कठड्यावर ठेवला आणि मान तिरकी करून त्याच्या खांद्यावरून खाली पाहू लागली. खाली रस्त्यापलीकडे वडील उभे होते, नुकतेच कापलेले केस, हात पाठीशी. गाड्या जात होत्या. ते समोरच पाहत होते, डावीउजवीकडे नाही.

“बघून चालतच नाहीत,” आई म्हणाली, आणि त्याच्या दंडाला हात लावून त्याला ढकललं. “तू सर बाजूला. मध्ये उभा आहेस, दिसत नाही मला.”

तो सरला.